उभ्या गाडीचं तेल

आबा,

गाडीखाली तेल कुठून गळतं ते अखेर सापडलं. तुमच्या जावयांची जुनी गाडी, कन्नडच्या एका बागायतदाराच्या गोठ्याशेजारी धूळ खात होती ती. ती घेऊन ते पहिल्यांदा चितेगावला तुमच्या गॅरेजवर आले, तेव्हा तुम्ही दार उघडून आत वाकलात आणि म्हणालात, "जावईबापू, क्लचच नाय हिला. मग डाव्या पायानं काय करायचं, ठेका धरायचा?" आपोआप गिअर बदलणारी गाडी तोवर तुम्हीही उघडली नव्हती. "शिकू की. लगीन तरी कोण शिकून करतंय," म्हणालात.

थोड्याच दिवसांत आमच्या गारखेड्याच्या अंगणात लाल थेंब पडायला लागले. इंजिनाचं तेल काळं असतं. हे गिअरबॉक्सचं, डाळिंबाच्या रसासारखं. तुम्ही बघायला येणार म्हणून मी फरशी घासली आणि गाडीच्या पोटालाही हात पुरेल तिथवर फडकं फिरवलं. बाप येणार तर घर स्वच्छ हवं, एवढंच डोक्यात. तुम्ही पोतं अंथरून आत सरकलात आणि तिथूनच ओरडलात, "पुसलंस व्हय गं? आता मी काय बघू, तुझं तोंड?" मी चहा घेऊन तशीच उभी. बाहेर आल्यावर मात्र तुम्ही शांतपणे समजावलंत. थेंब पडतो तिथंच गळत असतं असं नाही. चालत्या गाडीत वाऱ्यानं तेल मागं जातं, ओघळत सगळ्यात खालच्या बोल्टावर येतं आणि माणूस त्या बोल्टाला दोष देतो. "एकदाच धुयाचं, रॉकेलनं. वाळलं की पावडर मारायची. मग हात लावायचा नाय." पावडर म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीतला माझा तोंडाला लावायच्या पावडरचा डबा. तो तुम्ही गाडीखाली रिकामा केलात. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर एक लाल रेघ होती, तेल भरायच्या नळीच्या बुडापासून निघालेली. तुम्ही तिथली रबरी रिंग बदललीत. पुढं कित्येक वर्षं फरशी कोरडी होती.

आता तुमचे जावई जाऊन तीन वर्षं होतील. गाडी अंगणातच असते. दसऱ्याला धुवायची, हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवून चार हात पुढं घ्यायची आणि परत कव्हर टाकायचं, एवढंच तिचं चालणं. डाग पुन्हा पडायला लागला. इथल्या गॅरेजवाल्यानं गिअरबॉक्सच्या खालच्या, तेल साठतं त्या चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं, बोल्ट जोर लावून आवळले, तरी डाग तिथंच. मुलगा म्हणाला, "आई, सुटे भाग घेणारा एक जण आहे. बोलावू का?" मी म्हटलं, थोडं थांब. तो थांबला, पण त्या माणसाशी बोलणं त्याचं चालूच होतं.

मी गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवायला लावली, खालून रॉकेलनं धुवायला सांगितली आणि पावडरचा डबा पुढं केला. "काकू, बारसं हाय का गाडीचं?" गॅरेजवाला हसला, पण त्यानं पावडर मारली. मुलाला चालवायला लावून आम्ही चितेगावपर्यंत जाऊन आलो. पोट पांढरं ते पांढरंच. "बघा, गळतच नाय," गॅरेजवाला म्हणाला. मी मुलाला गाडी घरी आणून उभी करायला लावली आणि फडकं हातात घेतलं नाही. काही दिवसांनी टॉर्च घेऊन पोत्यावर आडवी झाले. रेघ होती. चेंबरच्या वरून, बाजूच्या गिअरच्या दांड्यापासून आलेली.

त्यांच्या कपाटातलं गाडीचं इंग्रजी पुस्तक मी शब्दकोश घेऊन थोडं थोडं वाचते. त्यातलं आता नीट कळलं. गाडी चालते तेव्हा बरंचसं तेल पुढच्या गोल भांड्यात भरलेलं असतं. फार दिवस उभी राहिली की ते हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं, पातळी चढते आणि एरवी तेलाच्या वर राहणारं दांड्याचं सील बुडतं. म्हणजे गाडी गळत होती ती उभी होती म्हणून. सील बदललं. गॅरेजवाला म्हणाला, "पण काकू, उभी ठिवाल तर हे बी सुकंल. चालवत ऱ्हावा."

मुलाला सांगितलं, गाडी कुठं जाणार नाही.

"आणि चालवणार कोण?"

"मी. क्लच नाही हिला."

संध्याकाळी तो सुटे भाग घेणाऱ्या माणसाला फोनवर नको म्हणाला, ते मी ऐकलं.

शिकले मी. आता रविवारी सकाळी पैठण रस्त्यानं जाऊन येते. तुम्ही गेल्यावर तुमच्या गॅरेजच्या जागी टायरचं दुकान झालं आहे, तिथं थांबत नाही. शेजारच्या सीटवर काही ठेवत नाही, पिशवीसुद्धा मागं टाकते.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगते. हे सगळं मला तुम्हाला लिहायचं नव्हतं, आबा. आधी एक कागद त्यांच्यासाठी घेतला होता. त्यावर 'अहो' एवढंच आहे.