घोट्यावरचं घड्याळ

२ नोव्हेंबर, सोमवार
मुलीने कुरिअरने घड्याळ पाठवलं. स्मार्टवॉच. पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोपसुद्धा मोजतं. फोनवर म्हणाली, बाबा, रोजच्या उपयोगाचं आहे की नाही ते तुम्हीच वापरून ठरवा. नाही पटलं तर सोळा तारखेपर्यंत परत घेतात. तुम्हीच ठरवा, असं दोनदा म्हणाली. म्हणजे तिचं ठरलेलं आहे.

खरं कारण टेकडीवरचं देऊळ. मुलीला नोकरी लागली की दोघं जोडीने पायी वर येऊ, असं बायको देवाला बोलून बसली आहे. मागच्या वर्षी आम्ही निघालो होतो, पण निम्म्यावर मला चप्पल चावायला लागली आणि परतावं लागलं. बायकोही माझ्याबरोबर उतरली. आता पंधरा तारखेचा रविवार धरलाय. बायको म्हणते, जोडीने बोललेय तर जोडीनेच जाईन, नाहीतर नाही जायची. मुलगी म्हणते, घड्याळातले आकडे बरे दिसले तरच चढायचं. आकडे तिला तिकडे तिच्या मोबाइलवर दिसतात. विज्ञान फार पुढे गेलंय.

उद्यापासून पहाटे बायकोबरोबर फिरायला. निश्चय पक्का.

३ नोव्हेंबर, मंगळवार
पहाटे जाग आली. घड्याळ बघितलं, तर झोप अपुरी झाल्याचं त्याने कळवलं. वापरून बघायचं तर त्याचं ऐकलं पाहिजे. पुन्हा झोपलो. बायको रोजच्यासारखी एकटीच जाऊन आली.

दुकानात घड्याळाचा एक दोष ध्यानात आला. मनगट झटकल्याशिवाय वेळ दिसत नाही. हातात कात्री असताना झटकलं. गिऱ्हाइकाचा फुल शर्ट आता हाफ होईल. पुढच्या उन्हाळ्यात मला दुवा देईल.

५ नोव्हेंबर, गुरुवार
मुलीचा फोन. बाबा, घड्याळ बंद आहे का? चालू आहे म्हटलं. मग तुम्ही बंद आहात का, म्हणाली. आईवर गेलीय.

तिचीही चूक नाही. आकडे बघून माणूस अंथरुणाला खिळलाय असंच कुणालाही वाटेल. पण हे घड्याळ अन्यायी आहे. सकाळी दुकान उघडल्यापासून माझे पाय मशीनच्या पायडलवर असतात. इतकं पाय चालवणारा माणूस या रस्त्यावर दुसरा नसेल. पण शिवताना मनगट स्थिर लागतं, नाहीतर टीप वाकडी जाते. घड्याळ बघतं हात, आणि राबतात पाय. आयुष्यात बहुतेकांचं असंच होतं. पायाकडे फक्त देवाचं लक्ष असतं.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
बायकोने उठवलं. उठलो. दारापर्यंत गेलो. मग आठवलं, आज गार हवा आहे आणि पंधरा तारखेला घसा बसून चालणार नाही, वर आरती म्हणायची आहे. परतलो. बायको म्हणाली, अहो, चढायचं पायांनी असतं, घशाने नाही. उत्तर देणार होतो, पण ती गेली होती.

दुपारी घड्याळाने सुचवलं, एक मिनिट शांतपणे श्वास घ्या. जन्मल्यापासून घेतोय. तरी घेतला. डोळा लागला. गिऱ्हाइकाने काउंटर वाजवून उठवलं. त्या वेळात माझा ताण दिवसातला सर्वांत कमी दाखवलाय. हे यंत्र अगदीच वाईट नाही.

७ नोव्हेंबर, शनिवार
स्वतःची कंबर मापली. टेपने मागच्या वर्षीपेक्षा जास्त दाखवली. जुने टेप आटतात. नवीन आणायला हवा.

९ नोव्हेंबर, सोमवार
मार्ग सापडला. पूजेला बसलो असतानाच सुचलं, म्हणून याला मी प्रेरणा समजतो.

घड्याळ उजव्या घोट्याला बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात बसतो, किंचित रुततो. वरून मोजा चढवला. ही फसवणूक मुळीच नाही. माप योग्य जागी घ्यावं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. छातीचं माप कुणी मानेवर घेत नाही. पाय मोजायचे तर पायावरच मोजावेत.

संध्याकाळपर्यंत सहा पँटी शिवल्या. घड्याळ म्हणतं, अभिनंदन. खाली फटाके उडाल्याचं चित्र येतं. गावच्या शाळेत कवायतीला गुरुजी मला शेवटच्या रांगेत उभं करायचे. आज त्यांनी बघायला हवं होतं.

१० नोव्हेंबर, मंगळवार
मुलगी आनंदाने ओरडलीच. बाबा, तुम्ही कमाल केलीत, माझ्या ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. तिच्या साहेबांपेक्षा मी पुढे आहे. साहेब तरुण असून. बायकोने फोन माझ्याकडून घेतला आणि विचारलं, कधी चालले गं हे एवढे? मी म्हटलं, दुकानात. बायको म्हणाली, दुकानात तर हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. मी म्हटलं, साठत जातं.

समोरचा चष्मेवाला दुपारी शटरशी उभा राहून बघत होता. म्हणाला, मास्तर, पायात काय, वाळा घातलाय का? मी मोजा वर ओढला. लोकांचे डोळे तपासून तपासून त्याला नको ते दिसायला लागलंय.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
प्रगती चांगली. घड्याळाने स्वतःहून माझं रोजचं ध्येय वाढवलं. एक उणीव मात्र आहे. घोट्यावर नाडी नीट सापडत नाही, नुसती आडवी रेघ येते. मुलीला कळवलं, हृदय आता इतकं शांत झालंय की यंत्रालाही ऐकू येत नाही.

अंगात हलकेपणा जाणवतो. आज रात्री जेवताना पाणी आणायला बायकोला उठवलं. दिवसभर इतकं चालणाऱ्याने लहानसहान गोष्टींत शक्ती घालवू नये. बायकोने तांब्या जरा जोरात ठेवला.

१४ नोव्हेंबर, शनिवार
मुलीने परवानगी दिली. उद्या चढायचं. बायकोने फुलं, नारळ, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत भरलं. ठेवणीतली निळी साडी काढली, तिच्या ब्लाउजची टीप उसवली होती, ती मी घालून दिली. गुणगुणत होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी अशी गुणगुणायची.

संध्याकाळी देवापुढे बसलो. उजवा पाय आपोआप धोतराखाली सरकवला गेला. कारण कळलं नाही. गारठा असावा.

उद्याचा बेत: न थांबता चढायचं. बायको दमली तर तिला हात द्यायचा.

१५ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळ
पहिला टप्पा उत्तम. मी पुढे होतो. पायथ्याचा फुलवाला म्हणाला, काका, दमानं घ्या. मी हसलो. बिचाऱ्याला माझे आकडे ठाऊक नाहीत.

दुसऱ्या टप्प्याला पाय जड झाले. पायडलवर पाय बसून चालतात आणि पायरीवर सगळा माणूसच उचलावा लागतो, हा फरक तिथे प्रथम ध्यानात आला. मशीनवर कधी इतका भार आलेला नाही. छातीत भाता सुरू झाला. चप्पल चावते का बघावं म्हणून खाली बसलो. चप्पल नवी, मऊ. चावत नव्हती.

बायकोने पाणी दिलं. पदराने वारा घातला. तरी उठवेना, बराच वेळ तसाच बसून होतो. एवढ्यात माझ्या पायात गुरगुर सुरू झाली. ती दचकली, म्हणाली, अहो, मोबाइल वाजतोय का? मी हो म्हटलं. मोबाइल तिच्या पिशवीत होता. तिने वाकून माझी पँट वर केली, मोजा खाली केला, आणि घोट्यावरचं मोठ्याने वाचलं: बराच वेळ बसून आहात, उठा, थोडं चाला.

मग ती हसली. इतकी हसली की उतरणारी माणसं थांबून बघायला लागली. हे कधीपासून, असं विचारलं. सोमवारपासून, म्हटलं. तिने पट्ट्याचा वळ बोटाने चोळला आणि म्हणाली, एवढं दुखवून घेतलंत, त्यापेक्षा चार दिवस माझ्याबरोबर आला असतात. यानंतर ती हसली नाही.

मी म्हटलं, तू जा वर, मी इथे चपला सांभाळतो. ती म्हणाली, एकटीने जायचं असतं तर मागल्याच वर्षी गेले असते. कळस तिथून दिसत होता, घंटाही ऐकू येत होती. तिने पिशवीतली फुलं पायरीच्या कडेला ठेवली. माझ्या शेजारी बसून हात जोडले. मीही जोडले. मला मागायला काही सुचलं नाही. निळ्या साडीला पायरीची धूळ लागली होती, ती झटकली.

उतरताना तिने मला हात दिला.

१६ नोव्हेंबर, सोमवार
परत करायचा शेवटचा दिवस. मुलीचा सकाळीच फोन, काय ठरलं बाबा? मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो. बायकोने माझ्या हातून फोन घेतला आणि सांगितलं, राहू दे, पट्टा तेवढा आतल्या भोकात घालायचाय. पायाबद्दल काही सांगितलं नाही. मी तिचा आभारी आहे. पुढच्या वर्षीचा रविवारही तिने तिथल्या तिथे धरून टाकला.

पण त्याआधीची नोंद राहिली. पहाटे ती चपला घालून दारात उभी होती. मी घड्याळ हातात बांधलं. बोळाच्या टोकापर्यंत गेलो, तिथून पिठाच्या गिरणीला वळसा, आणि परत. वाटेत ती बोलत होती. मला बोलण्यापुरता दम नव्हता, म्हणून आयुष्यात प्रथमच तिचं सगळं ऐकून घेतलं. घरी येऊन खुर्चीत कोसळलो. डोळे मिटले.

तेव्हा मनगट थरथरलं. घड्याळ विचारत होतं: तुम्ही चालायला सुरुवात करताय का?