बरणीतलं ऊन

२३ मार्च १९८९, गुरुवार

संध्याकाळच्या बातम्यांत आपल्याच राज्यातल्या सॉल्ट लेकचे दोन रसायनशास्त्रज्ञ. टेबलावर काचेची बरणी, बरणीत पाणी, पाण्यात तारा. म्हणे सूर्याच्या पोटात जे चालतं तेच या बरणीत चालतं — भट्टी नको, धूर नको. समुद्राच्या पाण्यातून साऱ्या जगाला वीज!

माझा नवरा स्टॅव्रोस जेवत होता. चोवीस वर्षं कोळशाच्या खाणीत. कितीही घासलं तरी पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहतेच. चमचा हातात तसाच धरून त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "मीठ कमी आहे."

मसुराच्या सूपबद्दल. सूपबद्दलच असावं.

२४ मार्च

केस कापायला शेजारच्या झोर्काकडे गेले. तिच्या पार्लरमध्ये दुसरा विषय नाही.

"नवऱ्याला आता म्युझियममध्ये ठेव, वासो. काचेच्या पेटीत," कात्री चालवत झोर्का म्हणाली.

"आणि गाव उठलं की तू कोणाचे केस कापशील?" मागून कुणीतरी विचारलं.

परतताना फाटकाशी कोळशाची मालगाडी आडवी. मनात आलं — ही शेवटचीच असती तर? मागे रिकामे रूळ आणि त्यांच्यावर ऊन. गाडी गेल्यावरही मी तिथेच उभी होते.

२६ मार्च

इरिनीचा फोन. आमची लेक सॉल्ट लेकला त्या दोघांच्याच विद्यापीठात शिकते, दुसऱ्या वर्षाला. "आई, इथे सगळ्यांना वेड लागलंय. इमारतीबाहेर टीव्हीवाल्यांच्या गाड्या. टी-शर्टसुद्धा विकायला आलेत. वर्गातली मुलं घरी तळघरात बरण्या मांडून बसलीत." मग आवाज खाली आणून — "बाबांना सांग, वीस वर्षांत कोळसा संपला."

बाबांनी रिसीव्हर घेतला. "वीस? मग मी आधी संपतो, बघ."

ती हसली असावी. मी नाही हसले.

२९ मार्च

स्वप्न. खाण पाण्याने भरली आहे. निळं, कोमट पाणी. माणसं एकेक करून वर तरंगत येतायत, दिवे हातात, तोंडं धुतलेली. स्टॅव्रोस लग्नातल्यासारखा दिसत होता. कुणाला घाई नव्हती.

२ एप्रिल, रविवार

प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये कॉफी. ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, त्यामुळे दुधाशिवाय — आणि त्यामुळे सगळे आधीच चिडलेले. मायलो, स्टॅव्रोसच्या पाळीतला, मोठमोठ्याने बोलत होता. "हात पांढरे असलेल्या दोघांनी बरणी हलवली, आणि आपण उपाशी मरायचं?" पुरुष हसले, पण ओठांनीच.

तेवढ्यात कीरा फोतिनी, म्हणजे आमच्या ग्रीक बोलीत फोतिनीबाई, बोलली. सत्तरीची, खाणीतच नवरा गेलेली. एरवी तिचा आवाज कुणी ऐकत नाही.

"खाण बंद होऊ दे की. तीस वर्षं आधी झाली असती तर माझा माणूस आज इथे कॉफी पीत असता."

मायलो खिडकीबाहेर बघायला लागला. मी तिच्या शेजारीच होते. तिचा हात धरावा असं वाटलं. धरला नाही. सगळे बघत होते.

८ एप्रिल

राज्य सरकारने त्या शोधासाठी पैसे मंजूर केले, रेडिओवर सांगितलं. मायलो म्हणे, "आपल्याच करातून आपलाच खड्डा."

मी दुपारी एकटीच चर्चमध्ये गेले. मेणबत्ती लावली. आणि मागितलं काय? शेजाऱ्यांची भाकरी जावी, एवढंच. दुसऱ्या शब्दांत मागितलं, पण देवाला कळतं.

१४ एप्रिल

सकाळच्या पाळीनंतर तो दोन तास उशिरा आला. ऊन अंगणात होतं अजून. "छत थोडं खाली आलं. कुणाला लागलं नाही." एवढंच सांगितलं. बूट न काढताच कॉफी प्यायला बसला.

माझ्या तोंडून निघून गेलं — "ती बरणी खरी निघू दे."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. बिस्किट देऊ?"

त्याने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं.

१७ एप्रिल

पुन्हा तेच निळं पाणी. या वेळी मीही आत होते, स्वयंपाकाच्या एप्रनसकट. उठल्यावर हात कोरडे बघून वाईट वाटलं. असं कुणाला वाटतं?

२१ एप्रिल

इरिनीचा आवाज आज वेगळा. "आई, ज्यांना ज्यांना तो प्रयोग जमला होता ते आता माघार घेतायत. मोजण्यात चूक झाली म्हणे." शिक्षकांना विचारलं तर विषय बदलतात, म्हणाली. मी तिला विचारलं, "पण एखाद्याला तरी जमेल ना?" ती म्हणाली, "तुला कधीपासून रसायनशास्त्राची आवड?"

३० एप्रिल

ईस्टर. अंगणात कोकरू भाजलं. स्टॅव्रोस दोनदा नाचला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला, खांबाला धरून खोकत राहिला. मायलोने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दारू चढली याला!" खोकला कसला, त्याला माहीत आहे. मायलो चांगला माणूस आहे.

२ मे

संपलं. बाल्टिमोरला भौतिकशास्त्रज्ञांची सभा भरली, एकामागून एक उभे राहिले — आम्ही करून पाहिलं, काही होत नाही. सभागृहात लोक हसले म्हणे.

इथेही हसले. बारमध्ये फुकट बिअर. झोर्काने दुकानाच्या काचेवर कागद लावला — "बरणी विकणे आहे, सूर्यासकट." येणारेजाणारे हॉर्न वाजवत होते, लग्नाच्या वरातीसारखे.

मी जिथे कामाला जाते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात रडले. कांदे चिरायला घेतलेलेच होते, बरं झालं.

३ मे

जेवताना स्टॅव्रोसने एकदम विचारलं, "तुला ते खरं व्हायला हवं होतं ना?"

खोटं बोलणार होते. नाही बोलले. "हो."

"मलाही."

तो ताटाकडे बघून बोलत होता. "दुसऱ्यांनीच खाणीला टाळं लावलं असतं तर सगळेच बाहेर पडलो असतो. मी एकटा पळालो असं कुणी म्हटलं नसतं."

मग त्याने पाव मोडून अर्धा मला दिला. भांडी दोघांनी मिळून धुतली.

५ मे

सकाळी साडेसहाला मायलोची गाडी दारात आली. स्टॅव्रोस बूट घालून तयार. घराची खिडकी उघडून तो मायलोला म्हणाला, "तू जा. मी येत नाही."

"बरं नाही का?"

"बरा आहे. उद्याही येणार नाही."

खिडकी लावून तो नाड्या सोडायला लागला. चोवीस वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते — आणि माझ्या तोंडून काय निघालं? "मग आता आपण करायचं काय?"

"माहीत नाही, वासो. जरा बस ना."

बसले.