खापरावरच्या मांड्याचं चित्र

असोदा, जि. जळगाव

प्रिय जहांगीर,

गेल्या सोमवारी सकाळी मी दुकान उघडलं, मुक्ताईच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि टायपिंगला आलेले कागद बाजूला सारून आधी तुझं चित्र पूर्ण आकारात उघडलं. तोवर मी ते सगळ्यांसारखं छोट्या चौकटीतच पाहिलं होतं. छोट्या चौकटीत कुठलंही चित्र चांगलं दिसतं, हे तूच मला शिकवलंस. मत द्यायचं असेल तर चित्र पूर्ण उघडायचं आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सावकाश फिरायचं, सुपात धान्य घेऊन बसल्यासारखं. मी तसा फिरत होतो. मधे एक बाई वारस दाखल्याचा अर्ज टाइप करून घ्यायला आली, मग शाळेतले एक गुरुजी आले. दोघांची कामं करून दिली. ते गेल्यावर चित्र तिथेच उघडं होतं आणि मी पुन्हा त्याच जागी जाऊन थांबलो.

आमच्या सुंदरबाई अक्काला आपलं हे काम अजून नीट कळलेलं नाही. मी तिला सांगितलं, इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे, तो कोणाच्या मालकीचा नाही, माझ्यासारखी माणसं फावल्या वेळात त्यात लिहितात. लोक चित्रंही देतात. त्यांतलं एखादं चांगलं वाटलं की कोणीतरी ते सुचवतं, मग आम्ही स्वयंसेवक त्याखाली पाठिंबा किंवा विरोध लिहितो, कारणासकट. जे निवडलं जातं ते एक दिवस मुखपृष्ठावर लागतं, खाली काढणाऱ्याचं नाव येतं. अक्काने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पैशे कोनी देत नही, ओयखत कोनी नही, मंग भांडता कायले?" याचं उत्तर तुला देता आलं असतं. धुळ्याच्या कॉलेजात आमची ती कार्यशाळा झाली तेव्हा तू समूहफोटो काढायला आला होतास, तुझे ठरलेले पैसे घेऊन. चहा होईपर्यंत मागच्या बाकावर बसलास, आणि जाताना पैसे घेतलेस तसं हे बिनपैशाचं कामही घेऊन गेलास.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू असोद्याला आलास तो दिवस मला बारकाईने आठवतो. दरवर्षी मोटारसायकलवर येणारा तू या वेळी लेकीला, मंतशाला घेऊन एसटीने आलास. म्हणालास, ऊन फार आहे. खानदेशात आखाजीला ऊन नव्हतं असं वर्ष मला आठवत नाही. अंगणात सुंदरबाई अक्काने चुलीवर पालथं खापर घातलं होतं. ती पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर खेळवत मोठा करत होती. मांडा कोपरापर्यंत आला, पदरासारखा पातळ झाला, मागून ऊन आलं आणि त्यातून आरपार उजेड दिसायला लागला. तेव्हा तू म्हणालास, "अक्का, जरा थांबा." आणि लेन्स फिरवत बसलास. आपोआप फोकस होणारी लेन्स तुला चालत नाही. बंद पडलेल्या स्टुडिओतून घेतलेली ती जुनी, हाताने फिरवायची लेन्सच लागते. तू फिरवत राहिलास, पुढे, मागे, पुन्हा पुढे. अक्का ओरडली, "खापर तापलं रे भाऊ, तुह्या फोटोसाठी मांडे करून राह्यली का मी?" तू म्हणालास, "बस, व्हयनंच शे." तुझं अहिराणी 'शे' ऐकलं की अक्काला नेहमी हसू येतं. तरी ती हसली नाही, हात ताठ धरून उभी राहिली, कारण हसली असती तर मांडा फाटला असता. शेवटी तो स्वतःच्याच भाराने एका कडेला फाटला. तो मांडा मी खाल्ला.

ते चित्र ज्ञानकोशात आल्यावर मेघाने ते सुचवलं. मेघा म्हणजे ती कोल्हापूरची नवीन स्वयंसेवक, जी प्रत्येक मताखाली परिच्छेदभर लिहिते. तिने लिहिलं की अक्का एका कडेला, खापर दुसऱ्या कडेला आणि मधे फक्त हवेतला धूसर मांडा, अशी मधली जागा मोकळी सोडायला धाडस लागतं. एकाने विचारलं, मांडा स्पष्ट का नाही? दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, मांडा हातावर फिरत असतो, ती हालचाल आहे, आणि हालचाल हाच या चित्राचा जीव आहे. मग पाठिंबे येत गेले. मंतशाने तुला ते सगळं वाचून दाखवलं. तू फोनवर मला म्हणालास, "धाडस म्हणे. कोल्हापूरवाले मोठे लोक शेतस भाऊ." मी विचारलं, तू स्वतः का वाचलं नाहीस? तू म्हणालास, "मना चष्मा कोठे पडेल शे कोन जाने." गेल्या खेपेलाही चष्माच सापडत नव्हता.

सोमवारी मी थांबलो होतो ती जागा म्हणजे अक्काचा डावा हात. त्या हातातल्या बांगड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट आहेत. खांद्यामागची भिंत, भिंतीवर शेणाचा हात फिरल्याच्या रेघा, सगळं स्पष्ट. पुढे धरलेला मांडा तेवढा धूसर. हात हलला असता तर बांगड्याही पुसट झाल्या असत्या. आणि अक्का दगडासारखी उभी होती हे बाकी कोणाला ठाऊक नसलं तरी मला ठाऊक आहे. मग मी तुझी वर्षभरातली चित्रं एकामागून एक उघडली. रावेरकडचा केळीचा घड वाहणारा माणूस चित्राच्या उजव्या काठाला. गिरणेच्या पात्रातला बगळा डाव्या कोपऱ्यात. भडगावच्या बाजारातली बांगडीवाली अगदी कडेला, अर्धी टोपली कापली गेलेली. आधीच्या वर्षांत तू माणूस मधोमध उभा करायचास, लग्नातल्या नवरदेवासारखा, आणि मी त्यावरून तुला चिडवायचो. आता तू मधली जागा सोडतोस आणि लोक त्याला शैली म्हणतात.

आमच्या गल्लीतल्या चिंधा नानांना तू पाहिलं आहेस. त्यांना तुझ्यासारखाच साखरेचा आजार. त्यांना दाराची चौकट दिसते, चौकटीत कोण उभं आहे ते दिसत नाही. समोरच्याचा चेहरा बघायचा तर ते त्याच्या कानाकडे बघतात. डॉक्टर त्यांना म्हणाले होते, डोळ्याच्या पडद्यावर मधोमध सूज येते, वेळेवर आलात तर इंजेक्शन देऊन बरंचसं वाचवता येतं, आता फार उशीर झाला. आखाजीला जेवताना तू माझ्याशी बोलत होतास, ताटात वरण वाढून घेत होतास, आणि सगळा वेळ माझ्या कानाकडे बघत होतास.

मी तुला हे फोनवर सांगितलं. तू हसलास. म्हणालास, साखरेचा डॉक्टर वेगळा, डोळ्याचा वेगळा, उद्या तू दाताचाही काढशील. मी पुन्हा सांगितलं तेव्हा तुझा आवाज बदलला. तू म्हणालास, चाळीस जण फोटो चांगला म्हणतात, तुला एकट्याला डोळे दिसतात. आणि मग पैज लावलीस. चित्र मुखपृष्ठावर लागलं तर मी डोळ्यांचं नाव काढायचं नाही, कधीच. "आनि नही लागनं ते तू म्हनशी तठे येसू." मी म्हणेन त्या डॉक्टरकडे येण्याचा शब्द देऊन फोन ठेवलास. तुझा शब्द मला माहीत आहे. एकदा भर पावसात तू पारोळ्याहून परत फिरला होतास, नवरीच्या आजीला फोटो देतो म्हणून दिलेल्या शब्दासाठी.

दोन दिवसांनी नूरबी भाभींचा फोन आला. त्यांना पैजेची माहिती नव्हती. त्या म्हणाल्या, भाऊ, यांनी इतक्या लोकांच्या लग्नाचे अल्बम केले, कोणत्या अल्बमवर यांचं नाव आहे? या खेपेला येईल ना? मालेगावला बहिणीलाही त्यांनी कळवून ठेवलं होतं. मी म्हटलं, अजून मतं यायची आहेत. अक्कालाही कोणीतरी सांगितलं होतं. ती म्हणाली, आधी माहीत असतं तर नवं लुगडं नेसली असती, त्या विटक्या लुगड्यात मी साऱ्या जगाला दिसणार का? मी त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. मत द्यायचे थोडेच दिवस उरले होते आणि चित्र काठावर होतं. निवडीला दर विरोधामागे दोन पाठिंबे लागतात, आणि विरोधही वीसपर्यंत गेले होते. आणखी एक विरोध पडला तर चित्र उतरणार, नाही पडला तर निवडलं जाणार, असा हिशेब होता.

एकादशीला मी मुक्ताईनगरला गेलो. देवळात मी काही मागत नाही, हे तुला माहीत आहे. तू त्यावरून म्हणतोस की मग एसटीचं तिकीट कशाला काढतोस. रांगेत माझ्यापुढे एक म्हातारा होता. गाभाऱ्यासमोर आल्यावर त्याने सुनेला विचारलं, आज कोणत्या रंगाचं पातळ नेसवलंय? तिने सांगितलं, हिरवं. त्याने समाधानाने हात जोडले आणि पुढे सरकला. मी परतताना नदीकाठी बराच वेळ बसलो. आपल्या ज्ञानकोशात एक दंडक आहे की मत चित्राला द्यायचं, माणसाला नाही. मला भीती होती की मी तुझ्या डोळ्यांसाठी तुझ्या चित्रावर अन्याय करायला निघालो आहे. चित्र चांगलं असेल आणि मी ते पाडलं, तर ते खोटं मत झालं, हेतू कितीही चांगला असला तरी. म्हणून मी स्वतःला उलटा प्रश्न विचारला. हेच चित्र एखाद्या अनोळखी माणसाने साताऱ्याहून दिलं असतं तर मी काय लिहिलं असतं? उत्तर यायला वेळ लागला नाही. असली किती चित्रं मी नाकारली आहेत आणि त्यांची कारणं दोन-दोन ओळींत लिहिली आहेत. म्हणजे पाठिंबा दिला असता तर तोच तुला बघून दिला असता. हे कळल्यावर मन मोकळं झालं असं नाही. फक्त कुठे उभं राहायचं ते कळलं. समोर नदी संथ होती, पलीकडच्या काठावर कोणीतरी म्हैस धूत होतं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी उठलो.

मतदान काल संपलं आणि तुझं चित्र निवडलं गेलं नाही. एवढं मंतशाने तुला सांगितलं असेल. खालची नावं तिने वाचली नाहीत, कारण तिने मला फोन केला होता, काका, सगळं वाचू का? मी तिला म्हटलं, माझं पत्र येतं आहे, आधी ते वाच. तेव्हा हे पत्रही तीच वाचते आहे, आणि तुझ्या डोळ्यांबद्दल मी काय लिहिलं ते तिच्यासमोर आलं याचा तुला राग येईल. येऊ दे. तिला बरंच आधीपासून माहीत आहे. चष्मा दर वेळी तीच शोधत असते. भाभींना मी स्वतः सांगेन. जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात तुझं नाव लिहून आलो आहे. बुधवारी मी धुळ्याला तुझ्याकडे मुक्कामाला येतो आणि गुरुवारी तुला सोबत घेऊन निघतो, साखरेची फाइल काढून ठेव. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोन तू ठेवतोस. आणि ते मत कोणाचं होतं हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून लिहायला बसलो. मंतशा, आता पुढचं सावकाश वाच, जसं मतदानाच्या पानावर मी लिहिलं आहे तसंच. विरोध. मांडा हा चित्राचा मुख्य विषय आहे आणि तोच अस्पष्ट आहे. ही हालचाल नाही. चित्र काढताना मी तिथे हजर होतो, मांडा स्थिर होता. छायाचित्रकार माझा मित्र आहे.

तुझाच,
जीवराम