कफनावरचा अंगठा

गुरुवार, १२ डिसेंबर

आज सकाळी अम्मा गेली. दुपार उलटल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन ठरलं. कफन आणायला मी मोटारसायकलवर जुन्नरला गेलो. गावी, मढला परत येताना वाटेत पोलिसांनी अडवलं. कागदपत्रं बघितली, सीटखाली चाचपलं.

"पिशवी उघडा," हवालदार म्हणाला.

"कफन आहे. आई गेली माझी. संशय कसला आहे, तेवढं सांगा."

"पावणं लई शिकल्यालं दिसतंय! चला मंग ठाण्यात, तिथं सांगतो."

काही कारण असल्याशिवाय झडती घेता येत नाही, हे मला माहीत होतं. पण ठाण्यात बसलो असतो तर अम्माला किती वेळ ठेवायचं? मी पिशवी उघडली. त्याने कापड पूर्ण उलगडलं. सीटखालच्या ग्रीसने माखलेला त्याचा अंगठा कोऱ्या कापडावर उमटला.

"जावा," म्हणाला.

घरी बहिणीने डागाची तेवढी पट्टी कापून काढली. कापड पुरलं. दफन वेळेवर झालं. मग तो अंगठाच का डोळ्यांसमोर येतोय? संशय कसला, हे अजून एकदा विचारायला हवं होतं का?

सगळे बाहेर बसलेत. मी ती पट्टी मोरीत साबणाने घासली. डाग फिकट झाला, गेला नाही. पिळून दोरीवर टाकली.