येलहंक्याची गाडी आणि मारतहळ्ळीचे व्याही

बंगळूर, रविवार

सौ. प्रयागला,

पाय लांब करून, निवांत बसून हे वाच. मी इथं मजेत आहे, जेवण वेळेवर मिळतं. गुडघ्याला तेल लावतेस ना?

आपल्या महांतेशनं नव्या घरासाठी दोन जागा दाखवल्या. येलहंक्याचं घर हवेशीर आहे, शिवाय आपली भालकीची गाडी तिथं थांबते. मारतहळ्ळीत गर्दी फार. पण त्याचं ऑफिस जवळ, आणि सूनबाईचं माहेर पुढच्याच गल्लीत. तिथंच माझ्या पोटात दुखलं. आपला नातू ओंकार सूनबाईच्या वडिलांना, शिवाप्पा व्याह्यांना, नुसतं अज्जा म्हणतो आणि मला गावाकडचे आजोबा. ते शेजारीच असले की मी फोनमधलाच आजोबा राहणार.

मी येलहंक्याचा हट्ट धरणार, तेवढ्यात व्याहीच म्हणाले, "येलहंकाच घ्या. यांना गाडीतनं उतरलं की घर. मला स्वल्प लांब पडेल, त्याचं काय."

माणूस चांगुलपणातसुद्धा माझ्या पुढं जातो, बघ. मला राहवलं नाही. "पोरानं रोज ट्रॅफिकमध्ये अडकून पडायचं का? मारतहळ्ळीच सरी, तीच बरी," असं बोलून बसलो. सूनबाईला भरून आलं. व्याह्यांचा फुललेला चेहरा मात्र मला अजून पचलेला नाही.

एक खोली आपली म्हणून सांगून ठेवली आहे. गुडघा बरा कर आणि शेंगांच्या पोळ्या घेऊन ये. ओंकारला गोष्टी सांगायला व्याही एकटेच आहेत, आपण दोघं आहोत.

तुझी वाट बघणारा,
काशिनाथ