मनकर्णा आत्या विरुद्ध गहिनीनाथ काका

तिसगाव

ती. गहिनीनाथ काकांस,

ज्ञानेश्वरीचा साष्टांग नमस्कार. राजूरच्या थंडीत गुडघा काय म्हणतो? काकूंनी पाठवलेला तांदूळ आम्ही अजून पुरवून खातोय.

पत्रास कारण असं, की मी कॉम्प्युटरवर मारामारीचा एक फुकट गेम खेळते. त्यात आपल्याला हवा तो माणूस लढायला उतरवता येतो. फक्त त्याचे उभे, वाकलेले, लाथ मारतानाचे असे शंभरेक फोटो लागतात. हौशी लोक राक्षस बनवतात. मी तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे मनकर्णा आत्याला घेतलं (फार बदल करावे लागले नाहीत). फोटोतला हिरवा रंग कॉम्प्युटर पुसून टाकतो, म्हणून अंगणात मागे हिरवी चादर बांधली. आत्या नेमकी ठेवणीतली हिरवी नऊवारी नेसून आली. तिला परत पाठवायचा मला धीर झाला नाही. दोन तास तिने हवेत लाथा मारल्या (पडतानाचे फोटो द्यायला साफ नकार, त्यामुळे गेममध्ये ती पडतच नाही). पडद्यावर पाहतो तर साडी-चोळी गायब, नुसतं डोकं, हात आणि पावलं उड्या मारताहेत. आत्याने निरखून पाहिलं आणि बारीक दिसते म्हणाली. मग लाल साडीत सगळं पुन्हा.

तिचं अस्त्र म्हणजे मंगलाष्टक. ‘सावधान’ म्हटलं की समोरचा आडवा. ताईच्या लग्नात तुम्ही मंगलाष्टक चालू असताना आत्याच्या हातातला माइक काढून घेतलात, तेव्हापासून नऊ वर्षं तुमचा अबोला. त्यामुळे समोर कोण हवं, हे तिनेच सांगितलं. माझ्याकडे तुमचा एकच फोटो, त्याच लग्नातला, फेटा बांधलेला. म्हणून गेममध्ये तुम्ही नुसते उभे राहता (आणि हरलात की मी फोटो आडवा करते). रागवू नका, आत्याने तुम्हाला सलग चौदा वेळा हरवलं. पंधराव्या वेळी तिने हात आवरला.

“ह्यो आपला दादा न्हाई,” ती म्हणाली. “त्यो आसा गप उभा ऱ्हायला आसता व्हय?”

मग बराच वेळ तुमच्याकडे बघत बसली. गेम बंद करू दिला नाही.

काकूंना नमस्कार.

आपली,
ज्ञानेश्वरी

ता. क. तुमचे सगळे फोटो काढायला दोन दिवस लागतील, मुक्कामाच्या तयारीने या. आत्याने पाहुण्यांची गोधडी उन्हात घातली आहे.

आणखी ता. क. खरं तर फोटो राजूरला काढून मोबाईलवर पाठवले तरी चालतात. हे आत्याला माहीत नाही. तुम्हीही विसरा.