मंडळाच्या नाटुकल्यातला काळा रंग

रायस्वाइक, नेदरलँड्स, शनिवार संध्याकाळ

दिवाळीच्या नाटुकल्यात आपल्या पोरांच्या तोंडाला काळा रंग फासायचं ठरलं, म्हणून लिहायला बसले. गोऱ्यांच्या उपनगरात राहायला आलेल्या काळ्या कुटुंबाची एक अमेरिकन कार्टून मालिका आहे, ती इथल्या मराठी मंडळाला मराठीत करायची आहे. त्या मालिकेत खरी टिंगल गोऱ्या शेजाऱ्यांची आहे. एवढंही यांना कळू नये? आणि काळा रंग!

मी बैठकीत सरळ नाही म्हटलं.

"काकू, गंमत आहे हो," अध्यक्ष विवेक म्हणाला.

"माझी शेजारीण मार्लीन काळी आहे. दर दिवाळीला पहिल्या रांगेत बसते. तिच्यासमोर करणार?"

"मग यंदा तिला बोलावू नका."

काळा रंग चालतो, मार्लीन नको?

हॉलची किल्ली, सभासदांची वही आणि तिथेच लिहिलेला सचिवपदाचा राजीनामा विवेकच्या हातात दिला. पोच सहीनिशी घेतली.